प्रोसेसरचं खरं तापमान कसं ओळखायचं: मापनाचं सॉफ्टवेअर जुळवून घेण्याची पद्धत

माझ्या भाच्याने एकदा सेकंडहँड पीसी घेतला. प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ७ १७००एक्स. नुसता डेस्कटॉप उघडा ठेवला तरी सॉफ्टवेअर ५८ अंश दाखवायचं. नागपुरातली डिसेंबरची सकाळ, खोलीत जेमतेम २० अंश. ज्या दुकानातून पीसी घेतला त्यांनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून दिली, आकडा ५७ झाला. मग त्यांनी मोठा कूलर बसवायला लावला, आकडा ५४ वर आला. पोरगं पार हवालदिल. मी गेलो, कॅबिनेटचं झाकण काढलं आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरच्या धातूच्या भागाच्या, बुडाशी बोट टेकवलं. जेमतेम कोमट.

पेस्ट ठीक होती, आधीचा कूलरही ठीक होता. चूक आकडा वाचण्यात होती. एएमडीने २०१७ च्या पहिल्या रायझनमध्ये १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्स या तीन प्रोसेसरांच्या कळवलेल्या तापमानात मुद्दाम २० अंश मिळवले होते. सगळ्या मॉडेलांना पंख्याचं एकच वेळापत्रक चालावं म्हणून. जुन्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर तो वाढवलेला आकडाच दाखवत होतं. ५४ वजा २०, म्हणजे खरं तापमान ३४. तिथे कुणी वजाबाकी केली असती तर पोराचे कूलरचे पैसे वाचले असते.

नव्याने पीसी जोडणाऱ्यांवर ही वेळ फार येते, म्हणून ही पद्धत सविस्तर लिहितो आहे. एका दिवसात सगळं होतं.

चिप नेमकं काय मोजते

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढच्या पायऱ्या नुसत्या पाठ होतील. इंटेलच्या प्रोसेसरमधला डिजिटल सेन्सर थेट अंश सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती खाली आहोत, एवढंच तो सांगतो. या मर्यादेला टीजे मॅक्स म्हणतात.

विहिरीचं उदाहरण घ्या. काठावरून दोर सोडून पाणी किती खाली आहे ते आपण मोजतो. काठाची उंची माहीत असेल तर त्यातून दोराची लांबी वजा केली की पाण्याची पातळी मिळते. टीजे मॅक्स हा काठ, सेन्सर हा दोर. सॉफ्टवेअर फक्त वजाबाकी करतं. मर्यादा १०० असेल आणि सेन्सर म्हणाला ६२ अंश खाली, तर पडद्यावर ३८ येतात.

यातून दोन गोष्टी निघतात. काठाची उंचीच चुकीची धरली तर प्रत्येक आकडा तेवढ्याच फरकाने चुकतो. दुसरं, दोर जितका लांब सोडाल तितका ताणाचा फरक वाढतो. हे सेन्सर मर्यादेजवळ, म्हणजे ८०-९० अंशांना, चांगलं मोजतात. ३०-४० अंशांना मात्र ते काही अंशांनी सहज चुकतात. ते बनवलेच आहेत चिप जळू नये म्हणून. थंड प्रोसेसरचा अचूक आकडा देणं हे त्यांचं काम नाही.

काठाचा घोळ कसा होतो याचा जुना दाखला म्हणजे इंटेलचा ई८४००. त्या काळच्या कोअर २ प्रोसेसरांमध्ये टीजे मॅक्स वाचायची सोयच नव्हती. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी अंदाज बांधले. कुणी ९५ धरले, कुणी १०५. एकाच पीसीवर दोन सॉफ्टवेअर लावली की दहा अंशांचा फरक. शेवटी २००८ साली इंटेलने आकडे जाहीर केले, तेव्हा या प्रोसेसरसाठी १०० निघाले. त्याच वर्षअखेरीस आलेल्या कोअर आय७ पासून हा आकडा चिपमध्येच नोंदलेला असतो आणि सॉफ्टवेअर तो वाचून घेतं. म्हणून आजच्या इंटेल प्रोसेसरवर काठ हाताने ठरवावा लागत नाही, फक्त तपासायचा.

आधी खोलीचं तापमान मोजा

ही पायरी लोक गाळतात, आणि मला तरी हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. ही तळरेषा कळली की अर्ध्या चुका आपोआप उघड्या पडतात.

घरातला ताप बघायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही. तो साधारण ३२ ते ४२ अंशांपुरताच असतो, थंड खोलीत नुसतं ‘लो’ दाखवतो. कोविडच्या काळात घेतलेली कपाळाची बंदूकही त्याच पट्ट्यातली. वायरच्या टोकाला टोपी असलेला साधा डिजिटल थर्मामीटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्याकडे स्वस्तात मिळतो, तो घ्या.

घेतल्यावर आधी त्याचीच परीक्षा घ्या. पेल्यात बर्फाचा चुरा भरा, बर्फाच्या फटी भरतील इतकंच पाणी घाला, दोन-तीन मिनिटं ढवळा आणि टोक मधोमध धरा. पेल्याच्या भिंतीला टेकू देऊ नका. ० यायला हवं. १ अंशाचा फरक असेल तर कागदावर लिहून ठेवा. वरच्या टोकाला उकळत्या पाण्यात तपासायचं असेल तर १०० ची अपेक्षा ठेवू नका. समुद्रसपाटीपासून वर जाल तसा उत्कलनबिंदू उतरतो, दर ३०० मीटरला साधारण १ अंश. मुंबईत १००, नागपुरात ९९ आणि पुण्यात ९८ च्या आसपास.

आता थर्मामीटरचं टोक कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, हवा आत शिरते तिथे, हातभर अंतरावर ठेवा. मागे किंवा वर ठेवाल तर पीसीनेच फेकलेली गरम हवा मोजाल. पीसी टेबलाखालच्या कप्प्यात असेल तर त्या कप्प्यातली हवा मोजा. खोलीच्या मधोमध २८ असताना तिथे ३३ असणं अगदी शक्य आहे.

परदेशातल्या लोकांचे आकडे बघून आपल्याकडची माणसं घाबरतात, त्याचं कारणही हेच. त्यांची खोली २१ अंशांची असते. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ असताना कूलर नसलेल्या खोलीत ३८-४० असतात. त्यांचा ३५ आणि आपला ५३ हा एकच प्रोसेसर, एकाच तब्येतीचा. खोलीतला वाळ्याचा कूलर सुरू असेल तर तपासणी संपेपर्यंत तो आहे तसाच ठेवा, मध्येच बंद-चालू करू नका.

एकच सॉफ्टवेअर, आणि त्यातली योग्य ओळ

विंडोजचा टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं नाही. त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर लागतंच. मी एचडब्ल्यूइन्फो वापरायला सांगतो. नवशिक्यांना ते आधी भीतीदायक वाटतं, पण मर्यादेपासूनचं अंतर, थ्रॉटलिंगची (फार तापल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो त्याची) खूण, किमान-कमाल आकडे सगळं त्यात एका जागी मिळतं. कोअर टेम्प त्याहून सुटसुटीत आहे. लिनक्सवाल्यांसाठी एलएम-सेन्सर्स आहेच. जे घ्याल ते मूळ संकेतस्थळावरून, ताज्या आवृत्तीचं घ्या. नव्या प्रोसेसरला जुनी आवृत्ती लावली की भाच्यासारखी गत होते.

दोन-तीन सॉफ्टवेअर एकत्र चालवू नका. मदरबोर्डवरची सेन्सरची चिप एकच असते. दोघं एकदम विचारायला गेली की मधूनच भलताच आकडा उसळतो आणि कमाल रकान्यात अडकून बसतो.

आता ओळी. ‘सीपीयू’ नावाच्या चार-पाच ओळी दिसतील. इंटेलवर ‘सीपीयू पॅकेज’ आणि प्रत्येक कोअरची (प्रोसेसरच्या आतल्या प्रत्येक स्वतंत्र गणनकेंद्राची) ओळ, या प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरच्या. आपल्याला याच हव्यात. मदरबोर्डच्या नावाखाली असलेली ‘सीपीयू’ ओळ वेगळी. ती बोर्डावरच्या चिपकडून येते, आणि कधी प्रोसेसरचाच आकडा देते तर कधी सॉकेटजवळच्या सेन्सरचा. ‘सीपीयूटिन’, ‘ऑक्सटिन’ अशा ओळींत १२७ किंवा शून्याच्या खूप खालचा आकडा दिसला तर घाबरू नका. त्या टोकाला सेन्सर जोडलेलाच नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा ओळी लपवून टाका.

एएमडीवर ‘टीसीटीएल’ आणि ‘टीडाय’ ही दोन नावं. पहिलं पंखा चालवण्यासाठीचं नियंत्रणाचं मूल्य, दुसरं चिपचं तापमान. मघाच्या तीन प्रोसेसरांत या दोन्हींत २० चा फरक, २७००एक्स मध्ये १० चा, आणि पहिल्या दोन पिढ्यांच्या थ्रेडरिपर या एएमडीच्याच मोठ्या प्रोसेसरांमध्ये २७ चा. रायझन ३००० पासून पुढे दोन्ही आकडे सारखेच असतात. रायझनच्या आधीच्या एएमडी एफएक्स प्रोसेसरांची गोष्ट आणखी निराळी: त्यांचं टीसीटीएल ही एक मनाने ठरवलेली मोजपट्टी होती, प्रत्यक्ष अंश नव्हतेच. म्हणून ३० अंशांच्या खोलीत एफएक्स खुशाल १४ दाखवतो. खोलीचं तापमान मोजलेल्या माणसाला ही चूक लगेच दिसते.

काठ तपासा

इंटेलवर एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘डिस्टन्स टू टीजे मॅक्स’च्या ओळी असतात. त्या ओळीतला आकडा आणि त्याच कोअरचं तापमान यांची बेरीज करा. जी येईल ती सॉफ्टवेअरने धरलेली मर्यादा. मग तुमच्या मॉडेलचं पान उत्पादकाच्या संकेतस्थळावर उघडा आणि तिथला आकडा जुळतो का बघा. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांना १०० असते. रायझन ७ ५८००एक्सला ९०, रायझन ७००० मधल्या बहुतेकांना ९५, पण ७८००एक्स३डीला ८९. एकाच पिढीत फरक असतो, म्हणून शेजाऱ्याचा आकडा स्वतःला लावू नका.

जुन्या कोअर २ वर बेरीज जुळली नाही तरच सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये टीजे मॅक्स हाताने बदला. नव्या प्रोसेसरवर तो आकडा बदलायची गरज सहसा पडत नाही.

रिकामा प्रोसेसर

रात्री पीसी पूर्ण बंद करा, स्लीपवर नाही. सकाळी खोलीचं तापमान लिहा आणि मगच चालू करा. विंडोज सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं हात लावू नका. पाठीमागे अपडेट आणि अँटिव्हायरसची धावपळ सुरू असते. पॉवर प्लॅन ‘बॅलन्स्ड’ ठेवा. सॉफ्टवेअरने दर किती वेळाने विचारावं हे २ सेकंदांवर ठेवा. सेकंदाला चार वेळा विचारलं की झोपलेले कोअर त्यासाठीच उठतात आणि मापनानेच तापमान चढतं.

आता आकडा बघा. खोलीपेक्षा ५ ते १५ अंश वर असेल तर डेस्कटॉपवर सगळं ठीक. खोलीपेक्षा खाली असेल तर वाचन नक्की चूक. ३० अंश वर असेल तर आधी टीसीटीएलची शंका घ्या, मग प्रोसेसर खरंच रिकामा आहे का ते टास्क मॅनेजरमध्ये बघा, आणि त्यानंतर कूलर नीट बसला आहे का याकडे वळा. रायझनवर ब्राउझर उघडताच आकडा क्षणात दहाने उसळतो, लगेच उतरतो. इवल्याशा चिपमध्ये उष्णता एका जागी दाटते म्हणून तसं होतं. तो सेन्सरचा दोष नाही.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर, दिसणारा आकडा विंडोजमधल्यापेक्षा जास्त असतो, हेही लक्षात ठेवा. बायोसमध्ये असताना प्रोसेसर खोल विश्रांतीत जात नाही. त्या दोन आकड्यांचा मेळ घालायला जाऊ नका.

इथे बोटाचा उपयोग होतो. पीसी बंद करून, प्लग काढून हीटसिंकच्या बुडाशी टेकवा. इन्फ्रारेड बंदुकीने मोजायचं असेल तर चकचकीत धातूवर सरळ मारू नका. चमकदार पृष्ठभाग समोरच्या वस्तूंची उष्णता परावर्तित करतो आणि आकडा खोटा येतो. काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा, मग टेपवर नेम धरा. आतली चिप या आकड्यापेक्षा गरम असणारच, पण बाहेर ३० आणि सॉफ्टवेअरमध्ये रिकामा प्रोसेसर ६० असेल तर कुठेतरी गफलत आहे.

लोड दिल्यावर

खरी कसोटी इथे लागते, कारण सेन्सर इथेच अचूक असतो. सिनेबेंच हे प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारं चाचणीचं सॉफ्टवेअर १० मिनिटं चालवा. प्राइम९५ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली ‘स्मॉल एफएफटी’ नावाची चाचणी प्रोसेसरला रोजच्या कोणत्याही कामापेक्षा जास्त तापवते. लॅपटॉपवर तिच्यापासून सुरुवात नको. चाचणीच्या वेळी एचडब्ल्यूइन्फोमधली ‘थर्मल थ्रॉटलिंग’ची ओळ डोळ्यांसमोर ठेवा.

डेस्कटॉपवर ‘येस’ आलं आणि त्या क्षणी आकडा तुमच्या टीजे मॅक्सला किंवा अगदी जवळ असेल, तर काठ बरोबर आहे. ‘येस’ येताना सॉफ्टवेअर ८५ च दाखवत असेल तर एक तर काठ चुकीचा धरलाय, नाहीतर कुणीतरी मर्यादा मुद्दाम खाली आणलीय. लॅपटॉपमध्ये कंपन्या असं करतात. चिपची मर्यादा १०० असली तरी ९५ लाच वेग कमी करायला सांगतात. शिवाय चार्जर कमी ताकदीचा असला किंवा बोर्डाचा दुसरा भाग तापला तरी प्रोसेसरला बाहेरून ‘हळू हो’ असा निरोप जातो. म्हणून लॅपटॉपवर एवढ्या एका पुराव्यावर काहीही बदलू नका.

थ्रॉटलिंग आलंच नाही, तर आणखी एक चाचणी आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती फार छान होते. पंख्यांचा वेग बायोसमध्ये एका जागी पक्का करा. सकाळी सातला चाचणी घ्या, तीच दुपारी तीनला. समजा सकाळी खोली २८ आणि प्रोसेसर ६८. दुपारी खोली ३७ झाली, तर प्रोसेसर ७७ च्या आसपास हवा. प्रोसेसर सारखीच वीज खात असेल आणि पंखा सारखाच फिरत असेल, तर खोली जेवढी चढते तेवढाच प्रोसेसर चढतो. दुपारी ७० च आले, तर आधी विजेची, म्हणजे प्रोसेसर किती वॅट खातो ती, ओळ बघा. दोन्ही वेळी वॅट सारखे असूनही ७० असतील, तर सेन्सर कुठेतरी अडकतोय. ई८४०० च्या काळात हे खूप व्हायचं. ठरावीक आकड्याच्या खाली सेन्सर उतरायचाच नाही.

ऑफसेट कधी घालायचा

ऑफसेट म्हणजे दाखवलेल्या आकड्यात हाताने घातलेली बेरीज किंवा वजाबाकी. कोअर टेम्पमध्ये तो बदलायची सोय आहे, एचडब्ल्यूइन्फोमध्येही ओळीवर उजवी टिचकी मारून आकड्यात बेरीज-वजाबाकी करता येते. बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात. मी ते इतकं मागे ठेवलं, कारण इथपर्यंत पोचल्यावर दहातल्या नऊ जणांना त्याची गरज उरत नाही.

टीसीटीएलमधला ठाऊक असलेला फरक काढायचा असेल आणि सॉफ्टवेअर तो स्वतः काढत नसेल, तर वजा २० जरूर घाला. काठ चुकीचा असल्याचा पक्का पुरावा असेल तरीही घाला. पण रिकामा प्रोसेसर ४ अंश कमी वाटतो म्हणून सगळीकडे ४ मिळवू नका. विहीर आठवा. ताणाचा फरक लांब दोराला लागतो, आखूड दोराला नाही. खाली ४ मिळवले की वर, जिथे सेन्सर बरोबर होता, तिथेही ४ ची चूक आणाल. कोअर २ च्या काळातलं रिअल टेम्प हे सॉफ्टवेअर ही गोष्ट ओळखून होतं. त्यातली रिकाम्या प्रोसेसरची सुधारणा मर्यादेजवळ जाताना कमी होत जायची.

एकाच प्रोसेसरच्या दोन कोअरमध्ये ५-७ अंशांचा फरक असतो, कधी जास्तही. प्रत्येकाला वेगळा ऑफसेट घालून सगळे सारखे करायचा मोह होतो. नको. काही कोअर खरंच जास्त तापतात. चिपवर त्यांची जागाच तशी असते.

आणि हे कायम ध्यानात ठेवा: तुम्ही बदललेला आकडा फक्त पडद्यावर असतो. प्रोसेसर स्वतःच्या सेन्सरवरूनच वेग कमी करतो. पण पंखा एखाद्या सॉफ्टवेअरवरून चालवत असाल आणि ते तुमचा बदललेला आकडा वाचत असेल, तर पंखा उशिरा जागा होईल. ऑफसेट घातल्यावर पंख्याचं वेळापत्रक लगेच तपासा.

नोंद

तारीख, खोलीचं तापमान, रिकाम्या प्रोसेसरचा आकडा, लोडवरचा आकडा, त्या वेळचे वॅट आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती एवढं लिहून ठेवा. नुसतं तापमान लिहू नका, शेजारी खोलीपेक्षा किती वर तेही लिहा. सहा महिन्यांनी त्याच वॅटला तो फरक १० ने वाढलेला दिसला, तर धूळ साचली आहे किंवा पेस्ट सुकली आहे. आपल्याकडे आधी धूळच बघा. बायोस अपडेट केल्यावर, कूलर काढून पुन्हा बसवल्यावर आणि होळीनंतर खोलीचा कूलर सुरू झाला की नवीन ओळ लिहा.

भाच्याच्या कॅबिनेटच्या झाकणाला आतून आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. त्याच्याच अक्षरात: ‘टीडाय बघ. खोली २०, रिकामा ३४, सिनेबेंच ६३.’ खाली दुसऱ्या पेनाने मे महिन्याची ओळ आहे: ‘खोली ३९, रिकामा ५३, सिनेबेंच ८२. ठीक.’